निवळशंख पाण्यात मासे का मरतात?

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"आमच्याकडे ६० लिटरची काचेची टाकी आहे. आठ महिन्यांपूर्वी पाच छोटे गोल्डफिश आणले. त्यानंतर एकही नवा मासा आणलेला नाही. फिल्टर रात्रंदिवस चालू असतो. पाणी कमी झालं की तेवढी भर घालत होतो. फिल्टर चांगला असेल तर पाणी बदलावं लागत नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. सगळं छान चाललं होतं. मागच्या महिन्यात एक मासा गेला. अंगावर डाग नाही, जखम नाही. आम्ही घाबरून निम्म्याहून जास्त पाणी बदललं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन मेलेले. मग मात्र टाकी पूर्ण रिकामी केली, तळाचे खडे उकळले, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत पिळून काढला. पाणी एक दिवस बादल्यांमध्ये ठेवून मगच भरलं. पाचव्या दिवशी चौथा गेला. दुकानात पाणी दाखवलं. त्यांनी कागदी पट्टी बुडवून पाणी उत्तम आहे म्हणून सांगितलं आणि एक निळं औषध दिलं. गोल्डफिश तसेही वर्षभरच जगतात, असंही म्हणाले. आता एकच उरलाय. तळाशी बसून असतो, शेपटीच्या कडेला काळे डाग आलेत. पाणी निवळशंख आहे. माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते, आपण साफ केलं म्हणून ते मेले का? तिला काय सांगू?"

जो जिवंत आहे त्याच्यापासून सुरुवात करते, कारण त्याच्या हाताशी वेळ कमी आहे. निळं औषध आजच थांबवा. खायला घालणं चार दिवस पूर्ण बंद. हवेचा पंप असेल तर तो अहोरात्र चालू ठेवा. नसेल तर फिल्टरचं तोंड असं वळवा की पाण्याचा पृष्ठभाग सतत हलत राहील. आणि थेंबांचं टेस्ट किट आणा, ज्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चारही चाचण्या असतील. केएच, म्हणजे पाण्याची क्षारता मोजणारी बाटलीही मिळाली तर घ्याच. तिचं काम पुढे आहे.

आजारी जीवाला उपाशी ठेवायला मन धजत नाही, हे मला समजतं. पण मोठा झालेला गोल्डफिश आठवडाभर न खाताही तग धरतो. उलट तो जे खाईल त्यातला बराचसा भाग कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन त्याच पाण्यात उतरतो, ज्यात त्याला श्वास घ्यायचा आहे. तुमच्या टाकीत सध्या तो अमोनिया पचवणारं कुणी उरलेलं नाही. का नाही, तेच आता सांगते.

तुम्ही चार मृत्यूंचं एक कारण शोधताय. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मला त्यात तीन वेगवेगळ्या घटना दिसतात, आणि प्रत्येक घटना आधीच्या घटनेतून निघालेली आहे. त्या क्रमानेच बघू.

पहिले आठ महिने. माशांच्या अंगातून येणारा अमोनिया विषारी असतो. टाकीतल्या स्पंजावर, खड्यांवर, काचेवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं. तुमच्या टाकीत हे काम सुरळीत चाललं होतं म्हणूनच मासे वाढले. पण या कामाची किंमत असते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना पाण्यातली सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. पाण्याचा पीएच एका जागी धरून ठेवते ती ही क्षारताच. पाणी बदललं की ती नव्याने मिळते. नुसती भर घातली तर तिची जेमतेम भरपाई होते, कारण उडून जातं ते निव्वळ पाणी, घाण मागेच राहते. पाच वाढते गोल्डफिश आणि ६० लिटर पाणी, म्हणजे क्षारता खूप वेगाने संपत गेली असणार. ती संपली की पीएच घसरतो, म्हणजे पाणी आम्ल होत जातं. तो साडेसहाच्या खाली गेला की जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ कामच थांबवतात. मग अमोनिया साठू लागतो.

आणि तरीही मासे मरत नाहीत. इथेच सगळ्यांची फसगत होते. आम्ल पाण्यात अमोनिया जवळपास सगळाच्या सगळा अमोनियम या रूपात असतो, आणि अमोनियम माशांना फारसा बाधत नाही. पीएच हळूहळू उतरत गेल्यामुळे मासेही त्या पाण्याला सरावत जातात. पाणी काचेसारखं दिसतं, कारण यातल्या कशालाच रंग नाही. तुमचा पहिला मासा या काळात गेला. पाचांतला जो सगळ्यांत अशक्त होता त्याला हे पाणी आधी असह्य झालं, असा माझा अंदाज आहे. अंगावर खूण नसणं या अंदाजाशी जुळतं.

दुसरी घटना म्हणजे तुम्ही निम्म्याहून जास्त पाणी बदललंत ती. हे वाचायला जड जाईल, पण तुम्ही विचारलंय म्हणून आकड्यांनिशी सांगते. साधारण २५ अंश तापमानाला, पीएच ६ असताना एकूण अमोनियातला जेमतेम ०.०६ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तुम्ही अर्धं पाणी काढलंत तेव्हा एकूण अमोनिया निम्मा झाला खरा, पण ताज्या पाण्याने पीएच ६ वरून ८ च्या जवळ नेला असेल तर विषारी अमोनिया एका तासाभरात चाळीस-पन्नास पट झाला. जुन्या पाण्यात क्षारता उरलेलीच नव्हती, त्यामुळे नव्या पाण्याला विरोध करायलाही काही नव्हतं. त्यात पीएच आणि क्षार एकदम बदलल्याचा धक्का वेगळा. रात्रीत दोन मासे गेले ते यात.

तिसरी घटना स्पंजाची. त्याच्यावरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर तुम्ही पिळून काढलात, खडे उकळलेत. टाकीतल्या जिवाणूंची मुख्य वस्ती तीच होती. पाणी एक दिवस ठेवलंत ते चांगलं केलंत, बादल्यांमधला क्लोरीन बराचसा उडून गेला असेल. पण स्पंज धुतला तो थेट नळाखाली, क्लोरीन असलेल्या पाण्यात. मग उरलेले दोन मासे एका नव्याकोऱ्या टाकीत आले, जिच्यात अमोनिया पचवणारं काहीच नव्हतं. असा अमोनिया एका रात्रीत मारत नाही, तो रोज थोडा चढतो. पाचवा दिवस या हिशेबात अगदी बसतो.

हीच चूक माझ्या हातून झालेली आहे. मासे पाळायला लागून दोन वर्षं झाली होती. गावाला जायच्या आदल्या दिवशी, मागे राहणाऱ्यांना त्रास नको म्हणून मी टाकी लख्ख केली. स्पंज नळाखाली धरला आणि पिळलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबले नाही. आठव्या दिवशी परत आले तेव्हा माझी मासळी फिल्टरच्या नळीला टेकून, कल्ले ताणून उभी होती. ती वाचली, तिची जोडीदारीण वाचली नाही. तेव्हापासून मी स्पंज हातात घेतला की आधी त्याचा वास घेते. निरोगी स्पंजाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कुजकट वास आला तर आतून पाणी खेळत नाही असं समजायचं. आणि पिळायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीनदा, हलक्या हाताने. तो तपकिरीच राहायला हवा.

आता दुकानातल्या त्या पट्टीबद्दल. तुम्ही पाणी नेलंत ते सगळं बदलून झाल्यावर. ज्या पाण्यात पहिला मासा मेला ते पाणी तेव्हा गटारात गेलं होतं. शिवाय नेहमीच्या कागदी पट्ट्यांवर बहुतेक वेळा अमोनियाचा रकानाच नसतो. त्या पीएच, नायट्राइट, नायट्रेट आणि कडकपणा दाखवतात. ज्याने मासे मारले ते मोजलंच गेलं नाही आणि पाणी उत्तम ठरलं. यापुढे एखादा मासा गेला तर काहीही करण्याआधी एक स्वच्छ बाटली टाकीच्या पाण्याने काठोकाठ भरून, झाकण लावून बाजूला ठेवा. मेलेला मासा ताजा असेल तर कल्ल्याचं झाकण हलकेच उचलून आतला रंग बघा. निरोगी कल्ले लालबुंद असतात. तपकिरी, चॉकलेटी दिसले तर नायट्राइटचा संशय घ्या, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. हे बघणं नको वाटेल, मलाही वाटतं. पण मेलेला मासा काही तासांतच खराब होतो आणि मग त्याच्याकडून काहीच कळत नाही.

किट आल्यावर काय करायचं ते नीट सांगते. पहिलं मोजमाप टाकीच्या पाण्याचं आणि दुसरं नळाच्या पाण्याचं, तेही उघड्या भांड्यात एक दिवस ठेवलेल्या. ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असला तर पीएच खोटा कमी येतो. दोन्हींचे पीएच जवळपास सारखे आले, तर मोठ्या प्रमाणात पाणी बदलायला आता धोका नाही. मघाशी जे मारक ठरलं तेच आता औषध आहे, कारण तेव्हा दोन पाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता आणि आता नाही. अमोनिया किंवा नायट्राइट लिटरला ०.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिसला तर रोज अर्धं पाणी बदला. ०.२५ च्या आसपास असेल तर रोज पाव. नवं पाणी टाकीच्या तापमानाचंच हवं. क्लोरीन घालवणारं द्रावण वापरा, नुसतं एक दिवस ठेवण्यावर विसंबू नका. काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, ते एका दिवसात उडत नाही.

नायट्राइट दिसला तर दर लिटरला एक ग्रॅम साधं मीठ, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. तुमच्या टाकीला ६० ग्रॅम. वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा थोडं थोडं घाला. कोरडं मीठ माशावर पडू देऊ नका. मिठातला क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही, म्हणून ते उपयोगी पडतं. मीठ उडून जात नाही हे लक्षात ठेवा. जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं नवं घालायचं, पुन्हा ६० ग्रॅम नाही.

जिवाणू परत यायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढून उतरेल, मग नायट्राइट, आणि शेवटी नायट्रेट तेवढा वाढताना दिसेल. कुणा ओळखीच्याकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा मागून आणा आणि ओला असतानाच तुमच्या फिल्टरमध्ये घाला. महिन्याचं काम एका आठवड्यावर येऊ शकतं. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, पण त्यांच्यापेक्षा माझा भरवसा असल्या तुकड्यावर जास्त आहे.

निळ्या औषधाच्या बाटलीवर मिथिलिन ब्लू असं लिहिलेलं असेल, तर ते या जिवाणूंनाही मारतं. म्हणूनच ते आधी थांबवायला सांगितलं. पाणी बदलत जाल तसा रंगही जाईल.

शेपटीच्या काळ्या डागांबद्दल तुम्हाला काळजी वाटतेय. मला ते वाचून थोडं हायसं वाटलं. अमोनियाने भाजलेली कातडी भरून यायला लागली की गोल्डफिशच्या अंगावर असे काळे ठिपके-पट्टे उमटतात. म्हणजे भाजण्याचा सर्वांत वाईट काळ मागे पडलेला असू शकतो. काही आठवड्यांत ते आपोआप पुसट होतात. परांवर लाल रेघा उमटल्या, तो पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घ्यायला लागला किंवा खवले डाळिंबाच्या दाण्यांसारखे उभे राहिले, तर मात्र तातडीने मासे बघणारा पशुवैद्य गाठा.

समजा, किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. मग माझा अंदाज चुकला आणि दुसरीकडे बघावं लागेल. सगळ्यांत आधी खोलीतली हवा. हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. डास-झुरळांचा फवारा, ताजा रंग, पॉलिश यांतलं काही त्या काळात झालं होतं का? डासांच्या औषधांतली पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं माशांसाठी अत्यंत घातक असतात, आपल्याला वासही येत नाही एवढ्या प्रमाणातसुद्धा. दुसरं, उष्णता. २० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि गरम पाण्यात माशाला तो लागतो मात्र जास्त. टाकीवर ऊन येतं का, तेही बघा. परजीवींचा संशय मी मागे ठेवते, कारण आठ महिन्यांत तुम्ही एकही नवा मासा आणलेला नाही. अंग खड्यांवर घासणं किंवा पांढरे ठिपके, यांचाही तुमच्या पत्रात उल्लेख नाही.

गोल्डफिश वर्षभरच जगतात हे मात्र मनातून काढून टाका. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. ब्रिटनमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. तुमचे मासे आयुष्य संपून गेलेले नाहीत. पाच गोल्डफिशना ६० लिटर ही जागाच फार अपुरी होती, आणि ही गोष्ट ते विकताना तुम्हाला कुणीतरी सांगायला हवी होती. उरलेल्या एकासाठी आज ही टाकी चालेल. पुढे त्याला सोबत आणायची असेल तर दोघांसाठी निदान ११०-१२० लिटरची टाकी लागेल. लांबट अंगाचे साधे गोल्डफिश असतील तर तीही पुरत नाही, ते एक फुटापर्यंत वाढतात. सलग चार आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय नवा मासा आणू नका. आणाल तेव्हा त्याला महिनाभर वेगळ्या भांड्यात, वेगळ्या फिल्टरवर ठेवा.

एकदा घडी बसली की दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, कायमचं. नळाच्या पाण्याचा केएच चार अंशांपेक्षा (किटवर dKH) कमी आला तर मला कळवा. अशा पाण्यात क्षारता लवकर संपते, आणि पहिल्या आठ महिन्यांत जे झालं ते पुन्हा व्हायला वेळ लागत नाही.

तुमच्या मुलीला खरं सांगा. हो, साफ करण्याचा त्यात हात होता. आई-बाबांनी चांगलं व्हावं म्हणून केलं आणि स्पंजावर राहणारे, डोळ्यांना न दिसणारे मदतनीस त्यात धुऊन गेले. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं. "देवाला हवे होते म्हणून गेले" असं सांगितलंत तर ती रात्री अंथरुणात स्वतःलाच दोष देत राहील, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला आधीच अर्धं सापडलेलं आहे.

तिला वही द्या. रोज संध्याकाळी तुम्ही थेंब मोजा, नळी तिला हलवू द्या, पाच मिनिटं थांबून रंग तक्त्याशी तिलाच जुळवू द्या. तारीख, अमोनिया, नायट्राइट, पीएच, किती पाणी बदललं, मासा कुठे होता. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. आज तो तळाशी आहे. तो मधल्या पाण्यात आला, पाठीवरचा पर उभा धरून फिरायला लागला, म्हणजे कल्ल्यांना आराम पडतोय. चार दिवसांनी अमोनिया ०.२५ च्या खाली असेल तर दिवसातून एकदा दोनच दाणे घाला, तेही तो वर येऊन घेत असेल तर. पहिल्या सात दिवसांचं पान मला पाठवा.